मनावर घेत नाही, एवढंच

मराठी घरात मुलाबद्दल सर्वांत लाडाने बोललं जाणारं वाक्य म्हणजे ‘हुशार आहे हो, पण मनावर घेत नाही’. पालकसभेत बाई पहिला अर्धा भाग सौजन्य म्हणून बोलतात आणि दुसरा तक्रार म्हणून. आई मात्र तक्रार वाटेत टाकून सौजन्य तेवढं घरी आणते. याच्या उलट शेरा, म्हणजे ‘मनावर घेतो हो, पण हुशारी बेताची’, कुठल्याही प्रगतिपुस्तकात सापडत नाही. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांना तो चपखल बसला असता तरीही. पहिल्या वाक्याची खुबी अशी की ते खोडून काढता येत नाही. ज्याने मनावर घेतलंच नाही त्याची हुशारी मोजणार कशी? हे वाक्य ऐकत वाढलेल्या मुलाला फार लवकर उमगतं, की खरा धोका मनावर घेण्यात आहे. मनावर घेतलं, रात्री जागवल्या आणि बासष्ट टक्केच पडले, तर हातात राहिलं काय? त्यापेक्षा अभ्यास न करता अठ्ठावन्न बरे. त्या अठ्ठावन्नांच्या मागे न मिळालेले नव्वद कायमचे उभे असतात.

हा मुलगा पुढे मोठा होतो आणि सगळीकडे आढळतो. क्रिकेटात आढळतो, तबल्यात आढळतो, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत तर रांगेने आढळतो. पण त्याचा अस्सल नमुना बघायचा तर पुण्यात सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिराच्या आसपास चहाच्या टपरीवर बघावा. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा भरवते. ‘आव्वाज कुणाचा’ या आरोळीने हे नाट्यगृह दरवर्षी दणाणतं. या स्पर्धेने मराठी रंगभूमीला नट दिले, लेखक दिले, दिग्दर्शक दिले, हे सर्वांना ठाऊक आहे. तिने बँकांना, विमा कंपन्यांना आणि हिंजवडीला काय दिलं, त्याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही. तिथे गेलेल्यांतले बरेचसे सुखाने नोकरी करतात आणि मुलांना कधीमधी जुने फोटो दाखवतात. आपला करंडकवीर त्यांच्यातला नव्हे. तो पंचेचाळिशीत आहे, वरच्या हुद्द्यावर आहे, पाठीला लॅपटॉपची सॅक आहे. पण दोन कटिंग सांगतानाही त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

महाविद्यालयात असताना त्याला अभिनयाचं उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालं होतं. ही नोंद पक्की आहे, प्रमाणपत्र आईने फ्रेम करून ठेवलंय. पण बँकेतल्या ठेवीप्रमाणे त्याच्या स्मरणातल्या पारितोषिकावरही व्याज चढतं. तिशीपर्यंत ते ‘अभिनयाचं बक्षीस’ झालं, आणि उत्तेजनार्थ हा शब्द गळाला. चाळिशीत ‘त्या वर्षी खरं तर करंडक आमचाच होता’ इथवर मजल गेली. आता एक परीक्षक विंगेत येऊन काहीतरी म्हणून गेल्याचं सांगितलं जातं. ते परीक्षक हयात नाहीत, त्यामुळे हा मजकूर दरवर्षी थोडा वाढू शकतो.

त्याच्याकडे एक नाटक आहे. ‘आहे’ या क्रियापदावर वाचकांनी फार भार देऊ नये. एक जाडजूड वही आहे. तिच्या पहिल्या पानावर अर्पणपत्रिका आहे आणि ती तीनदा बदललेली आहे. दुसऱ्या पानावर पात्रांची नावं, वयं, स्वभाव. तिसऱ्यापासून ‘अंक पहिला, प्रवेश पहिला’. मग नेपथ्याचं वर्णन: जुना वाडा, डावीकडे जिना, जिन्याची तिसरी पायरी मोडकी, मागे खिडकी, खिडकीतून येणारा प्रकाश अंबर की निळा याबद्दल समासात टीप. हे दीड पान चालतं. त्यानंतर एक पात्र प्रवेश करतं, खिडकीशी जातं आणि थांबतं. ते अजून थांबलेलं आहे. दरम्यान, पुण्यातले निम्मे वाडे पडून तिथे पार्किंगसह इमारती उभ्या राहिल्या. वाडा पाडायचा की नाही हाच नाटकाचा विषय असल्यामुळे त्याचीही आता नवी मांडणी करावी लागणार, असं तो म्हणतो.

यात त्याला वाया जाण्याची भीती वाटत नाही असं मात्र समजू नये. त्याच्या झोपेत दुसरं काही नसतंच. थोरांची वयं त्याला तोंडपाठ आहेत. विशीत त्याला ज्ञानेश्वरांचा त्रास झाला; सगळ्याच मराठी मुलांना होतो, त्याला इलाज नाही. तेहेतिसाव्या वर्षी त्याने राम गणेश गडकरी याच वयात गेल्याचं सगळ्यांना सांगितलं आणि दोन आठवडे मौन पाळलं. चाळिशीनंतर डॉ. श्रीराम लागूंनी धीर दिला: कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ साली चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ नट झाले! लागूंचं वयही उलटलं, तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांची आठवण निघाली. ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. म्हणजे अजून वीस वर्षं आहेत, घाई काय? भीती अशी पुढच्या मुक्कामावर ढकलता येते, तोवर ती बोचत नाही. उलट, माणसाला जरा खोली देते. माझं म्हणणं असं, की ही भीती वाया जाण्याची नाहीच. वही पूर्ण झाली तर ती वाचावी लागेल, आणि वाचली तर कळेल, याची ती भीती आहे.

आणि हे त्याला एकट्याने जमत नाही. इथे मित्र येतात. त्यांचा कट्टा एखाद्या पतसंस्थेसारखा चालतो: प्रत्येक जण दुसऱ्याला जामीन. एकाला लेखक व्हायचं होतं, एकाला गायक, एकाने दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अर्ज आणला होता आणि भरायचा राहिला. ‘तू लिहीत नाहीस ना, हा गुन्हा आहे लेका, मराठी रंगभूमीवर अन्याय आहे,’ असं पहिला म्हणतो. ‘आणि तुझ्या गळ्याचं काय? सोन्यासारखा गळा!’ असं दुसरा परतफेड करतो. कर्ज कोणी फेडत नाही, पण हप्ता चुकवत नाही, कारण एकाचा जामीन निघाला तर सगळ्यांची खाती तपासायला बसावं लागेल. म्हणून कट्ट्यावर कोणी कोणाला ‘परवा काय लिहिलंस?’ असं विचारत नाही. ‘कधी लिहिणार?’ हे मात्र दर शनिवारी विचारतात. या प्रश्नाचं उत्तर भविष्यकाळात देता येतं आणि भविष्यकाळात आपण सगळेच कर्तबगार असतो. हे मित्र वाईट आहेत असं कोणी म्हणू नये. रात्री दोन वाजता रक्त द्यायला ते धावत येतील. वही वाचायला मात्र येणार नाहीत.

इथे पुणेकर वाचक मान ताठ करून म्हणेल, की आमच्याकडे तोंडावर सांगणाऱ्यांची कमतरता नाही. खरं आहे. पण स्पष्टवक्ता आणि प्रामाणिक मित्र ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि पुण्यात पहिल्याचा पुरवठा मुबलक असल्यामुळे दुसऱ्याची गरज कोणाच्या लक्षात येत नाही. स्पष्टवक्ता ‘तुला काही जमणार नाही’ असं सांगतो, ते वही न बघता. त्याला आपल्या स्पष्टपणाचा आस्वाद घ्यायचा असतो, समोरचा निमित्तमात्र. खुशामत करणाऱ्या मित्राचंही तसंच, त्यानेही वही पाहिलेली नसते. दोघांचा निकाल वेगळा, अभ्यास सारखाच. प्रामाणिक मित्र ओळखण्याची एकच खूण मला दिसते: तो वही मागून घेतो. तीन दिवसांनी परत आणतो तेव्हा तिच्यात पेन्सिलीच्या खुणा असतात. म्हणतो, ‘जिना छान आहे. तो माणूस खिडकीशी का गेला, तुला माहीत आहे का?’ एवढ्या साध्या प्रश्नाने पंचवीस वर्षांच्या मैत्रीत असा सन्नाटा पसरतो, की चहावाला गॅस बारीक करून बघू लागतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: परिस्थिती. वडील लवकर गेले, बहिणीचं लग्न, घराचे हप्ते. नाटकावर पोट भरतं का? नाही भरत. ज्यांची हौस परिस्थितीने खरोखर चिरडली अशी माणसं आहेत, आणि त्यांच्यावर विनोद करणं हलकटपणा होईल. पण ती माणसं सहसा शनिवारी कट्ट्यावर नसतात, त्यांना शनिवारीही काम असतं. त्यांच्यात बायका जास्त. त्याच एकांकिकेत नायिकेचं काम करणारी, कदाचित सर्वांत गुणी असलेली मुलगी आज कुठे आहे, हे कट्ट्यावर विचारा. ‘ती? संसारात रमली.’ वाया गेली असं तिच्याबद्दल कोणी म्हणत नाही. वाया जाण्याचा मानही पुरुषांनी आपल्याकडे राखून ठेवलाय. वेळ नसण्याचाच मुद्दा असेल तर बहिणाबाई चौधरींकडे बघावं. शेत, घर, जातं, त्यात अक्षरओळख नाही, तरी ओव्या रचणं थांबलं नाही. मुलाने आणि आप्तांनी त्या उतरवून ठेवल्या. त्या गेल्या १९५१ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने आली. अत्रे एखाद्याला झोडपायचे तेही मनापासून आणि डोक्यावर घ्यायचे तेही मनापासून. त्यांच्या पसंतीला किंमत होती ती त्यामुळे. ‘कधी लिहिणार?’ हा प्रश्न बहिणाबाईंना कोणी विचारला नसावा. विचारायला समोर कच्चा माल नव्हता, गाणीच होती.

दुसरा आक्षेप लागूंचा: उशिरा उमलणाऱ्यांना असं खुडायचं का? पण लागू १९६९ साली उमलले नव्हते. वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून ते नाटक करत होते. पुढे भालबा केळकर आदी मंडळींबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये वर्षानुवर्षं हौशी प्रयोग केले. दवाखाना सांभाळून तालमी केल्या, लोकांसमोर उभे राहिले, कधी जमलं, कधी फसलं. व्यवसाय सोडला त्या दिवशी स्वतःबद्दलची माहिती त्यांच्याजवळ होती. आपल्या करंडकवीराजवळ स्वतःबद्दलचा फक्त अंदाज आहे, तोही मित्रांनी दिलेला. लागूंच्या चरित्रातून त्याने वय तेवढं उचललं, तालमी तिथेच ठेवल्या.

तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: खरं बोलण्याने माणूस मोडतो. २०२२ साली पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असं ठरवलं आणि करंडक कोणालाच दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. मोठा वाद झाला. कोवळ्या मुलांना नाउमेद करता का, असं विचारलं गेलं. निर्णय बरोबर होता की नाही यावर मतभेद असोत. पण परीक्षकांनी प्रत्येक प्रयोग समोर बसून पाहिला होता, ही गोष्ट वादात बाजूला पडली. आणि मुलं मोडली असं दिसलं नाही. पुढच्या वर्षी नव्या संहिता घेऊन महाविद्यालयं पुन्हा आली, आरोळ्या पुन्हा घुमल्या. विशीतल्या मुलाला जो निकाल पचतो तो पंचेचाळिशीतल्या साहेबाला पचणार नाही असं त्याचे मित्र समजतात, हा खरं म्हणजे त्याचा अपमान आहे. पण तो प्रेमाने केलेला असल्यामुळे त्याला कळत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत समंजस. मोठं होणं सक्तीचं आहे का? आहे तसा तो सुखी असेल तर वही कशाला उघडायची? सुखी असता तर मी हा लेखही लिहिला नसता. पण त्याला नाटकाच्या मध्यंतरात बघा. लॉबीत बटाटेवडा हातात धरून तो म्हणत असतो, ‘पहिला अंक पडला. लाइट्स कुठे होते? पॉजेस घेतच नाहीत ही मुलं.’ दुसऱ्याचं चांगलं झालेलं काम त्याला सहन होत नाही, कारण ते त्याच्या न केलेल्या कामाच्या जागेवर बसलेलं असतं. ज्या कलेवर त्याचा जीव आहे, तिचा एकही प्रयोग पंचवीस वर्षांत त्याला सुखाने बघता आलेला नाही.

समजा, त्या पेन्सिलवाल्या मित्राने पिच्छा सोडला नाही. समजा, वही पुरी झाली, कट्ट्यावर वाचन झालं, आणि नाटक साधारण निघालं. बहुतेक तसंच निघेल. दोनचार महिने तो मित्राशी बोलणार नाही, ग्रुपमधून बाहेर पडेल, मग कोणीतरी परत घेईल. त्यानंतर एखाद्या रविवारी तो नाटकाला जाईल तो नुसताच नाटक बघायला. इतकी वर्षं ओळखीच्या पासावर, बाजूच्या दारातून शिरण्याची सवय; यावेळी खिडकीवर उभा राहून पैसे मोजेल. मराठी नाटकाला लेखक व्हायला निघालेल्यांचा तुटवडा कधी नव्हता, प्रायोगिकवाले रडतात ते तिकीट काढणाऱ्यांसाठी. त्यांच्या हिशेबात त्या दिवशी दोन खुर्च्या जास्त भरतील, कारण बायकोला तो बरोबर आणेल. ती बऱ्याच दिवसांपासून म्हणत होती की हे नाटक चांगलं आहे असं ऐकलंय, आणि तो दरवेळी म्हणत होता, ‘त्यात काय बघायचंय!’