सबुरीची कारवाई

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये नंबर लागेपर्यंत माणूस मोबाइल बघत बसतो, आणि मोबाइल त्याला सांगतो की तीन महिन्यांत शुगर मुळापासून जाते. पथ्य नाही, सुई नाही. लातूरच्या ट्यूशन एरियात नीट देणाऱ्या मुलांसाठी स्मरणशक्तीची पावडर आहे आणि त्यांच्या पालकांसाठी महिन्यात दहा किलो उतरवणारा चहा. आरोग्य असे घरपोच मिळत असताना मध्ये न पडण्याचा जो समंजसपणा सरकारने दाखवला आहे, त्याची दखल घेणे हे आपले नागरिक म्हणून कर्तव्य आहे.

सरकारकडे कायदा नाही, असे कोणी समजू नये. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. तेव्हा नांदेड हैदराबाद राज्यात होते आणि लातूरला जिल्हा व्हायला अजून २८ वर्षे होती. मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब, अगदी उंचीसुद्धा, अशा ५४ बाबींवर इलाजाची जाहिरात त्याने मना केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. दंड किती, हे कायद्याने लिहिलेच नाही. इतका जपून ठेवलेला कायदा क्वचितच सापडेल. वापराने वस्तू झिजते, हे आपल्या प्रशासनाला पक्के ठाऊक आहे.

शिवाय अशी पावडर किंवा चहा सप्लिमेंट म्हणून विकला जातो, आणि सप्लिमेंट कायद्याने औषध नव्हे, अन्न ठरते. म्हणून डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते, आणि ते छापलेलेही असते, बहुधा इंग्रजीत. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले की नियमाचे समाधान होते. भरवसा मराठीत आणि इशारा इंग्रजीत, ही वाटणी कोणालाच जाचत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण दावा औषधाचा आणि परवाना अन्नाचा, अशा वेळी घाई करणे कोणत्याही विचारी अधिकाऱ्याला शोभणार नाही.

दिल्लीनेही या बाबतीत चांगला धडा घालून दिला. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी राज्याची मंजुरी घ्यावी, असा नियम १७० हा २०१८ मध्ये आला. त्याखाली कारवाई करू नका, असे आयुष मंत्रालयाने २०२३ मध्ये राज्यांना कळवले आणि जुलै २०२४ मध्ये नियमच वगळला. सर्वोच्च न्यायालयाने या वगळण्याला स्थगिती दिली खरी. पण ऑगस्ट २०२५ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचे मूळ प्रकरण निकाली निघाले आणि स्थगितीही उठली. नियमच नसेल तर तो मोडणारा राहत नाही. गुन्हेगारी कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय गृहखात्यालाही सुचलेला नाही.

त्याच प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीने आपल्या जाहिरातींबद्दल ६७ वर्तमानपत्रांत माफी छापली. माफीचा आकार तुमच्या नेहमीच्या जाहिरातींएवढा आहे का, असे न्यायालयाने विचारले. प्रश्न रास्त होता. पण एवढ्या वर्तमानपत्रांत एकाच दिवशी नाव छापून येण्याचा लाभही लहान म्हणता येत नाही. पुढे माफी स्वीकारली गेली आणि अवमानाचे प्रकरण मिटले.

तक्रार आली की आम्ही जरूर बघू, असे सरकारी उत्तर असते. ते प्रामाणिक आहे, याबद्दल आपण शंका घेऊ नये. फक्त तक्रारी येतात कुठून, याचा विचार करावा. ज्याला गुण आल्यासारखे वाटते, तो तक्रार करत नाही. ज्याचे पैसे गेले, त्याला आपण फसलो हे गावात सांगायची लाज वाटते. आणि ज्याने शुगर घालवणाऱ्या पावडरीच्या भरवशावर इन्सुलिन सोडले, तो पुष्कळदा तक्रार लिहिण्याच्या स्थितीत राहत नाही. दप्तर स्वच्छ ठेवण्याची एवढी चोख व्यवस्था दुसऱ्या कोणत्याही खात्यात सापडणार नाही.