टनाला हजार

या देशात ट्रकमालकावर डोळे मिटून विश्वास ठेवणारं एकच खातं आहे, आयकर खातं. बायकोला शंका असते, फायनान्सवाल्याला असते, पंपावरचा मॅनेजर उधारीची वही पुढे सरकवतो. आयकर कायद्याला मात्र खात्री आहे की गाडी आहे म्हणजे नफा आहेच. 10 पर्यंत गाड्या असलेल्या मालकाला हिशेबाच्या वह्या ठेवायच्या नसतील, तर 12 टनांवरच्या प्रत्येक गाडीचा नफा एकूण वजनाच्या टनामागे महिना 1,000 रुपये धरायचा. 35 टनांची बारा टायर असेल तर महिन्याला 35 हजार. ती पळाली, की कळंबोलीत भाड्याची वाट बघत पडून राहिली, की खंबाटकीत गिअरबॉक्स फुटून आडवी झाली, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. इतका नफा झालाच नाही म्हणता? मग वह्या आणा, ऑडिट करून घ्या. सीएची फी तोट्यातूनच द्यायची.

मला या आशावादाचं कौतुक आहे. वाईट एवढंच, की तो मालकांनाही लागला आहे.

कुठल्याही ट्रान्सपोर्टनगरात जा आणि विचारा, "शेठ, गाडीला किलोमीटरमागे खर्च किती?" उत्तर येतं, "ॲव्हरेज चारचा पडतो." म्हणजे डिझेल. बाकीचं? "ते तर आहेच की!" हे 'आहेच की' जरा मांडून बघू. समजा हप्ता 65 हजार, ड्रायव्हर 25 हजार, विमा-टॅक्स-परमिट वगैरे मिळून आणखी 25 हजार. महिन्याला 1 लाख 15 हजार झाले. म्हणजे चाक एक इंचही फिरलं नाही तरी दिवसाला 3,800 रुपये गेले. डिझेलचोर पकडायला मालक जीपीएस बसवतो आणि रात्री दोनला उठून मोबाइलवरचं टिंब पुढे सरकलं का ते बघतो. टिंब सरकत नाही, कारण गाडी कंपनीच्या गेटवर उभी असते. तिथे दिवसाचे 3,800 कोण नेतं, ते शोधणारं यंत्र अजून बाजारात आलेलं नाही.

गेटवर काय चालतं? सकाळी आठला गाडी लावा म्हणाले, लावली. टोकन दुपारी मिळालं. मग डॉक मोकळा नव्हता. मग शिफ्ट बदलली. मग बिलात पिनकोड चुकला, आणि तो दुरुस्त करणारे साहेब सोमवारी येतात. दोन दिवस असे गेले की साडेसात हजार गेले. हॉल्टिंग मागा, उत्तर तयार असतं: "आमच्या रेटमध्ये सगळं आलं." रिक्षा दाराशी पाच मिनिटं थांबली तर तिचं मीटर पडत राहतं, 35 टनांची गाडी दोन दिवस थांबली तर तिच्या ड्रायव्हरला आत संडासही वापरू देत नाहीत.

सरकारचा हिशेब त्याहून गमतीचा. ई-वे बिलाची मुदत पूर्वी 100 किलोमीटरला एक दिवस अशी होती. 1 जानेवारी 2021 पासून 200 किलोमीटरला एक दिवस झाली. कागदावर गाड्यांचा वेग एका रात्रीत दुप्पट झाला. गेटवरची रांग त्या अधिसूचनेत आलेली नव्हती, त्यामुळे ती आहे तशीच आहे.

माल पोहोचला की वाराई. उतरवून घेणार व्यापारी, उतरवणार हमाल, आणि पैसे मोजणार ड्रायव्हर. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा राज्यातले वाहतूकदार वर्षानुवर्षं देत आले आहेत. मेळाव्यात ती फार छान वाटते. टाळ्या संपल्या की मंडळी आपापल्या ड्रायव्हरला फोन करतात, "दे बाबा, नाहीतर गाडी अडकून पडेल."

आता परतीचं भाडं. चाकणहून नागपूरला जाताना, समजा, 50 हजार मिळाले आणि मालक खूश झाला. नागपुरात गाडी चार दिवस उभी. चौथ्या दिवशी ब्रोकरचा फोन येतो, "शेठ, 22 ला टाका. रिकामी आणण्यापेक्षा बरं." रस्ता सातशे किलोमीटरचा, 4 चं ॲव्हरेज आणि 90 रुपये लिटरचं डिझेल धरलं तर 15,750 रुपये इथेच संपले. उरलेल्या सव्वासहा हजारांत टोल, युरिया, भत्ता, दलाली, वाराई. आणि चार दिवस उभं राहण्याचे 15 हजार? ते तर आहेच की! त्याच रात्री रिकामी निघाली असती तर या चार दिवसांत चाकणहून दुसरी भरती झाली असती. पण रिकामी गाडी दिसते, रिकामे दिवस दिसत नाहीत. शिवाय आज नाइलाज म्हणून घेतलेला 22 चा भाव उद्या बाजारभाव होतो, आणि परवा तोच ब्रोकर दुसऱ्या शेठला 20 सांगतो.

निगडीत माझ्या ओळखीचे एक मालक आहेत. भाव सांगण्याआधी ते दोन प्रश्न विचारतात: खाली कुणाकडे करायची, आणि दोन रात्री अडकली तर पैसे कोण देणार? उत्तर मिळालं नाही तर फोन ठेवतात. ठरलेल्या दोन-तीन मार्गांबाहेर गाडी पाठवत नाहीत. जिथे परतीचा माल बांधलेला नाही, तिथे जातानाच्या भाड्यात परतीचं डिझेल धरतात. ब्रोकर मंडळींत त्यांची ख्याती 'खडूस म्हातारा' अशी आहे. त्यांच्या सगळ्या गाड्या कर्जमुक्त आहेत. त्यांच्याकडे शिकायला कुणी जात नाही.

पैसे मिळण्याचीही एक तऱ्हा आहे. डिझेल रोखीत, टोल फास्टॅगमधून आधीच कापलेला, ड्रायव्हरला उचल हवी. भाडं मात्र कंपनीच्या सवडीने, 60 दिवस, 90 दिवस. लघुउद्योगाचं बिल करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावं, असा कायदा आहे. 2024 पासून तर उशीर करणाऱ्या कंपनीला त्या वर्षी तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. त्यासाठी मालकाने उद्यम नोंदणी करायची, बिलावर नंबर टाकायचा आणि कंपनीला आठवण करून द्यायची. पहिली दोन कामं होतात. तिसरं केलं की पुढच्या महिन्यात त्या कंपनीकडे माल शिल्लक नसतो.

मग उरतो जुना उपाय, ओव्हरलोड. सुधारित मोटार वाहन कायद्यात त्याचा दंड 20 हजार, वर जादा टनामागे 2,000. जुलै 2018 मध्ये केंद्राने वजनाची मर्यादाच वाढवली. 25 टनांची दहा टायर 28 टनांवर गेली. मालकांनी पेढे वाटले. सगळ्यांच्याच गाड्या एका दिवसात मोठ्या झाल्या आहेत, हे पेढे संपल्यावर लक्षात आलं. माल होता तेवढाच, त्यामुळे टनाचा भाव खाली आला. कायद्याने दिलेले जादा टन मालवाल्याच्या खिशात गेले, टायरची झीज मालकाकडे राहिली.

सवलतींच्या बाबतीत ट्रकची पत्रिकाच वाईट. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही वेशींवर मोटारींना टोल माफ झाला; अवजड वाहनं तिथे अजून टोल भरतात. निवडणुका नोव्हेंबरात होत्या. मोटारीत मतदार बसलेले असतात, ट्रकमध्ये कांदे.

सप्टेंबर 2025 मध्ये मात्र ट्रकचं नशीब उघडलं. नव्या गाडीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. चालू गाडीचा हप्ता ओढाताणीने भरणाऱ्यांनी लगेच दुसरी बुक केली. 2018 ची आठवण काढणाऱ्याला शोरूममध्ये चहाही मिळाला नसता. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार झालेल्या ट्रकला एसी केबिनची सक्ती आहे, आणि ड्रायव्हरसाठी ती हवीच होती. परवा एका शेठनी अशीच नवी गाडी दारात आणली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू. मी विचारलं, "परतीचं भाडं कुठलं बांधलंय?"

"ते बघू हो," ते म्हणाले, "आधी आत बसून एसी तरी बघा. गेटवर दोन दिवस उभी राहिली तरी ड्रायव्हरला कळणार नाही!"

"आणि त्या दोन दिवसांचं डिझेल?"

"ते तर आहेच की!"