मीठ अंदाजाने

आमच्या सासूबाई आमटीत मीठ अंदाजाने घालतात. किती घातलं म्हणून विचारलं तर "बेतानं" म्हणतात आणि बेत केवढा ते सांगत नाहीत. मामंजींचं बरोबर उलट. ते कोषागारात होते. ३५ वर्षं दुसऱ्यांची देयकं तपासली आणि २००५ साली निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून घरखर्चाची वही धरली. कोथिंबीर १० रुपये, रिक्षा ४२ रुपये, देवळातल्या पेटीत ५ रुपये. खाडाखोड झाली की शेजारी सही. गेल्या दिवाळीत माझ्या नवऱ्यानं त्यांना न विचारता मिक्सर आणला, तेव्हा वहीत नोंद पडली, "मिक्सर, पूर्वमंजुरीविना", आणि पुढे तांबड्या शाईत फुली. मिक्सर अजून चालू आहे. आक्षेपही.

अशा माणसाच्या हाती राज्याचा अर्थसंकल्प पडू देऊ नये. पण पेपर रोज सकाळी दारात पडतो, त्याला कोण काय करणार?

२०२५च्या १० मार्चला तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी, अजितदादांनी, २०२५-२६चा अर्थसंकल्प मांडला. एकूण खर्च ७,००,०२० कोटी रुपये. मामंजी त्या वरच्या २० कोटींवर अडले. सात लाख कोटी समजू शकतो, म्हणाले, हे वीस कशाचे? "अहो, आहेराच्या पाकिटात पाचशे एक घालतात ना, तसं असेल," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांना बजेट कळत नाही असं मामंजींचं मत आहे. माझं तसं राहिलेलं नाही.

महसुली तूट ४५,८९१ कोटी. वर्षअखेर डोक्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात. मामंजी कर्जाला घाबरत नाहीत. हे घरही कर्ज काढूनच बांधलंय, आणि हप्ते फिटले त्या दिवशी त्यांनी पेढ्यांचा खर्च 'किरकोळ'मध्ये टाकला होता. त्यांचा राग महसुली तुटीवर. कर्ज काढून भिंत बांधली तर भिंत तरी दिसते. ही तूट म्हणजे वाण्याची उधारी, खाल्लं आणि संपलं. व्याजापोटीच वर्षाला ६० हजार कोटींच्या वर जातात. त्या पैशात रस्त्यावरचा एक खड्डाही बुजत नाही.

एक गंमत त्यांनीच मला दाखवली. आपल्या राज्यघटनेत बजेट हा शब्दच नाही. २०२व्या अनुच्छेदात आहे ते 'वार्षिक वित्तीय विवरणपत्र', आणि त्यात मांडायची ती 'अंदाजित' जमा आणि 'अंदाजित' खर्च. म्हणजे घटनाकारांनाही ठाऊक होतं की मीठ शेवटी अंदाजानंच पडणार. फक्त राज्य चालवणाऱ्यांचा हात सासूबाईंसारखा बसलेला असेल, असं त्यांनी धरून चाललेलं दिसतं.

१ एप्रिलला आर्थिक वर्ष उघडलं. ३० जूनला पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. घटनेचा २०५वा अनुच्छेद त्याला मुभा देतो, तेव्हा बेकायदा काही नाही. पण पुरवणी हा शब्द आपण शाळेपासून ओळखतो. बारा महिन्यांचं वर्ष म्हणजे तीन तासांचा पेपर धरा. त्यात हा मुलगा पाऊण तासाला उभा राहून पुरवणी मागतोय. असा मुलगा एक तर फार हुशार असतो, नाही तर अक्षर फार मोठं काढतो. त्याच्या आदल्या वर्षी, विधानसभेची निवडणूक चार महिन्यांवर आली असताना, त्यानं एकदम ९४,८८९ कोटींची पुरवणी घेतली होती. पर्यवेक्षकांनी दोरा बांधून दिला. पर्यवेक्षक म्हणजे तुम्ही-आम्ही निवडून दिलेली मंडळी.

(मामंजींचा आग्रह म्हणून सांगते: त्या ५७ हजार कोटींतला निव्वळ भार ४० हजार कोटींच्या आसपास होता, बाकीची रक्कम या खिशातून त्या खिशात. हे वाक्य गाळलं असतं तर त्यांनी हा लेख आक्षेपित करून परत पाठवला असता.)

आता अंदाजाचा विषय निघालाच आहे, तर खर्चाच्या अंदाजांवर नजर ठेवायला विधिमंडळाची एक समितीच असते. नाव अंदाज समिती. काम काटकसर सुचवणं. संसदेच्या अंदाज समितीला २०२५ साली ७५ वर्षं झाली, म्हणून २३ आणि २४ जूनला देशभरच्या अंदाज समित्यांची मंडळी मुंबईत विधान भवनात जमली. काटकसरीवर विचारमंथन झालं. मग जेवण झालं. जेवण चांदीच्या ताटात झालं आणि एका ताटाचा खर्च काही हजारांत गेला, असा आरोप विरोधकांनी केला. त्यावर खुलासा आला की ताटं चांदीची नव्हती, चांदीचा मुलामा होता.

मामंजींना हा खुलासा इतका आवडला की त्यांनी तो वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला. त्यांचं म्हणणं, ३५ वर्षांत इतकं प्रामाणिक शासकीय वाक्य आपण वाचलं नाही. मुलामाच आहे म्हणतात! मी म्हटलं, मामंजी, ते ताटाबद्दल बोलतायत. "मग मी कशाबद्दल बोलतोय?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

त्याआधी महिनाभर, २१ मेला, आपल्याच राज्याची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या १०२ क्रमांकाच्या खोलीत १ कोटी ८४ लाख रुपये रोख सापडले. कोणाचे, कशासाठी, ते चौकशीत ठरेल. मामंजींना चिंता एकच: ही रक्कम कुठल्या लेखाशीर्षाखाली दाखवायची? जमेला धरावी तर पावती नाही, खर्चाला धरावी तर प्रमाणक नाही. अंदाज समितीला तरी अंदाज असायला हवा होता.

आणि मुलाम्याच्या ताटावरून उठून दोन आठवडे होतात न होतात, तोच आकाशवाणी आमदार निवासाच्या उपाहारगृहात वरण शिळं निघालं म्हणून बुलढाण्याच्या आमदारांनी तिथल्या कर्मचाऱ्याच्या कानफटात वाजवली. बनियन आणि टॉवेल अशा वेशात. सगळ्या महाराष्ट्रानं ते लेखापरीक्षण मोबाइलवर पाहिलं. शिळ्या वरणाचा राग येतो हे मान्य. सरकारी दवाखान्यातल्या, आश्रमशाळेतल्या वरणाचाही कोणाला असाच राग यावा, फक्त हात न उगारता, एवढंच वाटून गेलं.

पगाराचं मी काढणार नव्हते. मामंजींनीच काढलं. ते म्हणाले, कोषागारात साध्या शिपायाचं प्रवासबिलही तो शिपाई स्वतः पास करू शकत नाही. त्याच्यावर कारकून, कारकुनावर लेखापाल, लेखापालावर आम्ही. एकच वर्ग असा, की जो आपलं बिल आपणच पास करतो. घटनेच्या १९५व्या अनुच्छेदानं आमदारांचे पगार-भत्ते ठरवायचं काम विधिमंडळावर सोपवलंय. २०१६च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ते पार पाडलं. पगारवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर झालं. एरवी सभागृहात शेजारच्या बाकावरच्या माणसाशी ज्यांचं पटत नाही, ते त्या दिवशी एका आईच्या लेकरांसारखे वागले. माजी आमदाराला एका मुदतीपोटी महिन्याला ५० हजारांचं निवृत्तिवेतनही त्याच वेळी ठरलं. मनोरा आमदार निवास पाडल्यापासून आमदारांना घरभाड्यापोटी दरमहा १ लाख मिळतो तो निराळा. मोटारीच्या कर्जाचं व्याज सरकार भरतं तेही निराळं.

यात पक्ष बघू नका. २०२२च्या मार्चमध्ये राज्य दुसऱ्यांचं होतं, तेव्हा मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी गोरेगावात आमदारांसाठी ३०० घरं जाहीर केली होती. लोक चिडले. मग घरं फुकट नाहीत असा खुलासा आला, मग तो विषयच मागे पडला. त्याच अधिवेशनात आमदार निधी मात्र वर्षाला ५ कोटी झाला, आणि त्यावर कोणी चिडल्याचं मला आठवत नाही. बरोबरच आहे. घर आमदाराचं दिसतं. निधीतला पेव्हर ब्लॉक आपल्या दारात बसतो आणि त्यावर नावाची पाटी असते. दर चार वर्षांनी तोच ब्लॉक उखडून तोच पुन्हा बसतो, तेव्हा पाटी तेवढी नवी होते.

लाडकी बहीण योजनेवर बोलताना मी बाई असल्यामुळे मला थोडी सूट आहे, ती घेते. २०२४च्या जूनअखेर योजना जाहीर झाली, महिन्याला १५०० रुपये. निवडणुकीत २१०० चा शब्द दिला गेला, तो शब्द अजून वाटेत आहे. २०२५-२६मध्ये त्यासाठी ३६ हजार कोटी ठेवले. नात्यांचा एवढा जिव्हाळा महाराष्ट्राच्या राजकारणात पूर्वी नव्हता. तेव्हा सत्तेत वर तिघे बसलेले, एक भाऊ, एक भाई, एक दादा. खाली कोट्यवधी बहिणी. त्यांत दोन हजारांवर सरकारी नोकरदार बहिणी निघाल्या. पाठोपाठ १४ हजारांवर पुरुषही बहिणी निघाले. रक्ताच्या नात्यात असं होत नाही, सरकारी नात्यात होतं.

ओवाळणीचे पैसे भाऊ कुठून आणतो ते विचारायचं नसतं, पण २०२५च्या मे महिन्यात ते एका मंत्र्यानंच बोलून दाखवलं. सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासाचे ३३५ कोटी इकडे वळले, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री उघडपणे म्हणाले की गरज नसेल तर खातंच बंद करा. आमच्याकडे डाळीच्या डब्यात सासूबाई नोटा दडवतात. त्यात मामंजींनीही कधी हात घातला नाही. सरकारनं घातला, आणि तोही सर्वांत धाकट्या भावंडाच्या डब्यात.

मग १० जूनला मंत्रिमंडळानं दारूवरचा कर वाढवला. त्यातून १४ हजार कोटी जादा यावेत अशी अपेक्षा. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं सरकार म्हणत नाही, मीही म्हणत नाही. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी म्हणतात. त्यांचा हिशेब असा: भाऊ मला १५०० देतो, आणि आमच्या घरातल्याकडनं गुत्त्यावर काढून घेतो. बहिणीची ओवाळणी दाजींच्या खिशातून. "पण ताई, आधी त्याचा सगळा पैसा तिकडंच जायचा," त्या म्हणाल्या, "आता निदान फेरा मारून थोडा माझ्याकडं येतो." अर्थखात्यात असा माणूस हवा होता.

मामंजींनी हे ऐकलं आणि त्यांना राहवलं नाही. हे असं फुकट वाटणं बरं नव्हे, असं काहीसं पुटपुटले. मावशींनी पातेलं खाली ठेवलं. "आजोबा, तुमची पेन्शन येते तवा मी काही बोलते का?"

"ती मी कमावली."

"मग मी काय बसून खाल्लं?"

मामंजी गॅलरीत गेले. बऱ्याच वेळानं, मावशी गेल्यावर, मला बोलावून म्हणाले की देण्याला माझी हरकत नाही, तू गैरसमज करून घेऊ नकोस. आणि १९७२चा दुष्काळ सांगू लागले. तेव्हा ते नोकरीत नवे होते. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी त्या दुष्काळात राज्यभर गेली, आणि ती चालवायला १९७५ साली सरकारनं शहरातल्या पगारदारांवर नवा कर बसवला, व्यवसाय कर. "माझ्या पगारातून कापला जायचा. बिलावर ओळच असे. तिकडं कोणी बाई खडी फोडते, तिच्या मजुरीला माझे एवढे गेले, हे मला दर पहिल्या तारखेला दिसायचं. मी कुरकुरलो. सगळे कुरकुरले. पण सरकारनं तोंडावर येऊन मागितलं होतं. आता देतात मिरवून आणि घेतात चोरून. बिल कोणाच्या नावावर फाडलंय तेवढं सांगा म्हणावं, एवढंच."

मी माझी पगाराची पावती काढून पाहिली. व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. पन्नास वर्षं कापला जातोय, आणि मी तो कशाचा म्हणून कधी विचारलं नव्हतं.

परवा मामंजी एसटीनं सांगलीला जाऊन आले. वय ७८. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. आल्या आल्या हातपाय धुऊन ते वही घेऊन बसले. तिकीट डिंकानं चिकटवलं, समोर लिहिलं: 'प्रवास, सांगली, जाता-येता, ०.००'. मग पेन हातात धरून जरा थांबले. स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. मावशी आत भांडी विसळत होत्या.

तांबडं पेन त्यांनी टोपण लावून बाजूला ठेवलं, निळं घेतलं, आणि शून्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'पारित'. शेजारी सही केली.