स्लायडर सर

तालुक्याच्या कोणत्याही सायन्स कॉलेजात हे सर सापडतातच. ते गणिताचे की भौतिकशास्त्राचे, हे टाइमटेबल पाहिल्याशिवाय त्यांनाही सांगता येत नाही. खिशाला पेन नसतो, पेन ड्राइव्ह असतो. खांद्यावरच्या पिशवीत प्रोजेक्टरच्या केबली, एक्स्टेंशन बोर्ड, चिकटपट्टी आणि सगळ्यात खाली जेवणाचा डबा. डब्याचं झाकण सैल असल्यामुळे भाजीचं तेल केबलींना लागतं आणि प्रोजेक्टर तापला की पहिल्या बाकापर्यंत मेथीचा वास जातो.

आमच्याकडच्या नमुन्याला पोरं ‘स्लायडर सर’ म्हणतात. जिओजेब्रा नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात पडद्यावर एक आडवी पट्टी येते, पट्टीवर एक ठिपका. ठिपका सरकवला की समीकरणातला आकडा बदलतो आणि आलेख जागच्या जागी हलतो. या पट्टीला स्लायडर म्हणतात. सरांच्या मते विश्वात दोनच गोष्टी आहेत: ज्यांचा स्लायडर सापडला आहे त्या आणि ज्यांचा अजून सापडायचा आहे त्या. कँटीनमध्ये ते चहावाल्याला सांगतात, “साखर दोनवरून दीडवर आण, आल्याला हात लावू नकोस. एका वेळी एकच बदलायचं, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही.” चहावाला दोन्ही बदलतो. सर पितात आणि हा प्रयोग बाद धरतात.

कॉम्प्युटर लॅबच्या बाहेर चपला काढाव्या लागतात. आत यंत्रांवर प्लास्टिकच्या खोळी, भिंतीवर कापरेकरांचा फोटो. यंत्रं सुरू केल्यापासून प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत जो काळ जातो त्यात सर इतिहास सांगतात. ऑस्ट्रियात साल्झबुर्गच्या विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने २००१ साली आपल्या प्रबंधासाठी जिओजेब्रा कसं बनवलं, इथपर्यंत येतात तोवर पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह उमटलेलं असतं. मग कार्ल वीमन. त्याच २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला हा माणूस २००२ मध्ये कोलोरॅडोत पोरांसाठी हलती-डुलती भौतिकशास्त्राची चित्रं करायला बसला आणि त्यातून ‘फेट’ हा प्रकल्प उभा राहिला. “नोबेल मिळाल्यावर, बरं का! आपल्याकडे पीएच.डी. मिळाली की माणूस वर्गावर जायचा थांबतो.” हे वाक्य संपलं की पासवर्डची चौकट येते. पासवर्ड शिपाईमामांना माहीत असतो आणि मामा पोस्टात गेलेले असतात.

पडदा एकदा उजळला की कुणालाही वाटेल, आता रंगीत करमणूक. पण सरांचा एक जाचक नियम आहे. ठिपका सरकवण्याआधी काय होईल त्याचं चित्र प्रत्येकाने वहीत पेन्सिलने काढायचं. खोडरबर जप्त.

“साइनच्या आत एक्सला दोनने गुणलं, तर लाटेचं काय होईल?”

“उंच होईल, सर.”

“काढ.”

पोरगा उंच लाट काढतो. सर ठिपका सरकवतात. लाटेची उंची तेवढीच राहते, फक्त सगळी लाट अंग चोरून जवळजवळ येते. पोरगा शेजारणीच्या वहीत बघतो. तिचीही लाट उंच. मग पेन्सिलच्या चुकीच्या चित्राशेजारी पेनाने बरोबर चित्र काढायचं आणि दोन्ही जर्नलमध्ये ठेवायची, असा दंडक. प्रॅक्टिकल परीक्षेला आलेले एक्स्टर्नल जर्नलं चाळून हादरले. “अहो, यात निम्मी चित्रं चुकीची आहेत!”

“हो ना,” सर आनंदाने म्हणाले, “आणि प्रत्येकाची चूक वेगळी आहे!” इतर विषयांची जर्नलं कित्येक बॅचेस अक्षरशः तीच असताना हा दावा फार मोठा होता. एक्स्टर्नलांनी पुन्हा तपासलं. खरंच वेगळी होती.

स्टाफरूममध्ये सरांचे प्रतिपक्षी म्हणजे गणिताचे विभागप्रमुख. त्यांच्या कोटाच्या बाहीवर खडूचे थर आहेत, आणि ते झटकणं त्यांना अपमानास्पद वाटतं. “तुमची पोरं बघतात, सिद्ध करत नाहीत,” हा त्यांचा आरोप. एकदा त्यांनी सापळा लावला. “एक अधिक एकद्वितीयांश अधिक एकतृतीयांश अधिक एकचतुर्थांश... ही बेरीज कुठे थांबते, विचारा तुमच्या डबड्याला.” सरांनी तिथेच लॅपटॉप उघडला. दहा लाख पदं मिळवून झाली, बेरीज १४.३९. आकडे कमी अचूकतेने साठवले, तर एकवीस लाख पदांच्या आसपास ती १५.४ वर येऊन ठप्पच झाली. पुढचं पद इतकं बारीक की यंत्राच्या हिशेबी त्याला किंमतच नाही. “म्हणजे थांबते!” इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या. विभागप्रमुखांनी शांतपणे खडू घेतला आणि नोटीस बोर्डाच्या काळ्या पट्टीवर चौदाव्या शतकातली ओरेमची युक्ती मांडली: तिसरं-चौथं पद मिळून अर्ध्याहून जास्त, पाचवं ते आठवं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, असे अर्धे अनंत. बेरीज कुठेही थांबत नाही. फक्त शंभरी ओलांडायलाच एकावर त्रेचाळीस शून्यं यांहूनही जास्त पदं लागतात, एवढा तिचा आळस.

विभागप्रमुखांना वाटलं, गडी चीत झाला. पण सरांच्या चेहऱ्यावर वरपित्याचं तेज होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात आधी यंत्राला १५.४ वर ठप्प होऊ दिलं, पोरांकडून “थांबते” असं लिहून घेतलं आणि मग दारात उभ्या केलेल्या विभागप्रमुखांना खडूसकट आत बोलावलं. त्या तासाला विभागप्रमुखांना आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या. तेव्हापासून ते सरांना जाहीरपणे शिव्या देतात आणि लॅबच्या दारात घुटमळतात.

सरांचं खरं प्रेम बिघडलेल्या चित्रांवर. पायथॉनमध्ये सूर्याभोवती पृथ्वी फिरवायचं प्रॅक्टिकल असतं. छोट्या काळाचं पाऊल टाकायचं, जुन्या वेगाने नवी जागा काढायची, मग नवा वेग, पुन्हा पाऊल. शेवटच्या रांगेतल्या एका पोरीची पृथ्वी दर फेरीला थोडी थोडी बाहेर सरकत पडद्याच्या कडेला लागली. ती बिचारी विंडो बंद करून मैत्रिणीचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घ्यायच्या बेतात होती. सरांनी पाहिलं. “थांब! कुणी काही बंद करू नका!” सगळी बॅच तिच्याभोवती. मामांनाही बोलावलं. “मामा, पृथ्वी पळाली!” मामा म्हणाले, “किल्ली माझ्याकडेच आहे.”

मग सरांनी दोन ओळींची अदलाबदल करायला लावली: आधी नवा वेग काढायचा आणि त्या नव्या वेगाने जागा. पृथ्वी मुकाट्याने कक्षेत फिरू लागली. सूर्य तोच, गुरुत्वाकर्षण तेच, ओळींचा क्रम तेवढा वेगळा. आधीच्या पद्धतीत प्रत्येक पावलाला थोडी फुकटची ऊर्जा मिळत होती, एवढंच. सरांनी पुढे सांगितलं की अमेरिकेत अ‍ॅलन क्रोमर यांनी १९८१ साली या दुरुस्तीवर लेख लिहिला, पण ती सापडली होती एका शाळकरी मुलीला, तीही चुकून. पोरीने विचारलं, “मग सर, पहिलं चित्र खोडू?” सर असे काही दचकले की तिने ते फ्रेम करून घेतलं असतं तरी चाललं असतं.

रस्त्यावर मात्र सरांना संगणक लागत नाही. समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटवरचे चार अंक पुरतात. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, चढत्या क्रमाने मांडायचे, मोठ्यातून लहान वजा करायचं, उत्तराचं पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच. हा देवळालीच्या शाळेतल्या द. रा. कापरेकर मास्तरांचा स्थिरांक. ३५२४ ची गाडी असेल तर ३०८७, ८३५२, ६१७४, आणि सिग्नल हिरवा. पाच-सहा वजाबाक्यांची गाडी असली की मागचे हॉर्न वाजवतात. मागे बसलेल्या वहिनी कंटाळून म्हणतात, “दर वेळी तेच येतं ना? मग बघायचं काय?” सर म्हणतात, “या गाडीचं कुठे बघितलंय?”

प्राचार्यांनी एकदा त्यांना कामाला लावायचं ठरवलं. पुढच्या वर्षी प्रवेश किती होतील, याचा अंदाज संगणकावर काढून द्या. सरांनी रॉबर्ट मे यांनी १९७६ साली गाजवलेलं साधं समीकरण घेतलं. त्यात एकच स्लायडर. तो तीनच्या आत असेल तर संख्या एका जागी स्थिरावते, तीनच्या पुढे एक वर्ष जास्त एक वर्ष कमी, मग चार वर्षांची पाळी, मग आठ, आणि ३.५७ च्या पुढे साधारण वाटेल तसा धिंगाणा. सरांनी आपल्या कॉलेजचा स्लायडर ३.८ वर असल्याचं नमूद करून रंगीत प्रिंट दिली. “अंदाज कुठाय?” प्राचार्य म्हणाले. “अंदाज देता येत नाही, सर. पण तो का देता येत नाही, हे अगदी अचूक सांगता येतं.” ती प्रिंट प्राचार्यांनी संस्थेच्या चेअरमनांना पाठवली नाही.

मग तपासणीची समिती आली. सरांनी काहीतरी रंगीत दाखवावं आणि पंधरा मिनिटांत आवरावं, असा आदेश होता. सरांनी पडद्यावर लंबक आणला आणि समितीच्या सदस्यांना कागद-पेन्सिली वाटल्या. “एक लंबक जरासा ओढून सोडला, दुसरा पार आडवा करून सोडला. लांबी तीच. आंदोलनाला वेळ कुणाला जास्त?” अध्यक्षांनी शाळेत शिकल्याप्रमाणे ‘सारखाच’ लिहिलं. पडद्यावरचा आडवा लंबक अठरा टक्के जास्त वेळ घेत होता. अध्यक्ष म्हणाले, “तुमच्या संगणकाचं काही खरं नाही.”

हे वाक्य ऐकायला सर बहुधा नोकरीला लागल्यापासून थांबले होते. त्यांनी पिशवीतून गवंड्याचा ओळंबा काढला, पंख्याच्या हुकाला मीटरभर दोरीने टांगला आणि अध्यक्षांच्या हातात दिला. वारा लागू नये म्हणून पंखे बंद. मे महिना. समितीचे सदस्य कोट काढून मोबाइलवर सेकंद मोजू लागले. थोडं ओढल्यावर दोन सेकंद. आडवं करून सोडल्यावर दोनहून जास्त, पण २.३७ भरेना. “हवा!” सर ओरडले. “मॉडेलमध्ये हवा घातलीच नव्हती! झोका लगेच लहान होतो, म्हणून वेळही कमी.” अध्यक्ष आता कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. ते म्हणाले, “पहिलाच झोका मोजा. पुन्हा.” दारात प्राचार्य घड्याळाकडे बोट दाखवत होते, तो इशारा सगळ्यांनी वेळ मोजायचा म्हणून घेतला.

समिती खूश होऊन गेली. पण जेवण तासभर उशिरा झालं आणि वरण गार झालं, म्हणून प्राचार्यांनी सरांना लेखी खुलासा मागितला. सरांनी न्यूटनचा थंड होण्याचा नियम लावून वरणाच्या तापमानाचा आलेख जोडला आणि खाली लिहिलं: “पातेल्यावर झाकण होते किंवा नाही, हे कृपया कळवावे. त्यावाचून माझा दोष नेमका किती अंशांचा, हे सांगता येत नाही.”

प्राचार्य संतापाने लाल होऊन केबिनबाहेर पडले. ऑफिसातल्या क्लार्कने डोकावून पाहिलं, तर ते सरांकडे न जाता कँटीनमध्ये शिरले होते आणि आचाऱ्याला विचारत होते, झाकण स्टीलचं होतं की अ‍ॅल्युमिनियमचं.