पहाटे पाचचं लफडं

अहो, ऐकलंत का? तळेगावातली भली भली माणसं पहाटे पाचला घरातून पसार होतात! गोधडी हळूच बाजूला सारून, बूट हातात घेऊन. आमचेही त्यातलेच. पाळत ठेवली, तर लफडं सायकलशी निघालं. तिला हॉलमध्ये मानाची जागा, तिच्या साखळीला महागाचं तेल. आणि आमच्या पुढच्या दाराची बिजागरी दोन वर्षं कुरकुरतेय, तिला थेंब नाही!

वेष तर विचारूच नका. उभा जन्म लेंग्यात काढलेले बँकवाले काका बुडाला गादी शिवलेली घट्ट चड्डी घालून कामशेतच्या टपरीवर उभे. चहावाल्यानं काळजीनं विचारलं, "काका, लायसन जप्त झालं का?"

रात्री ग्रुपवर खलबतं. "उद्या किती डिग्री?" "अकरा." "मग मला पहाटे ताप येणार." त्यांतले डॉक्टर बजावतात, "निघताना थंडी वाजली पाहिजे, नाहीतर कपडे जास्त झाले समजा." आणि स्वतः दोन स्वेटर चढवून हजर! वडगावला एक कमरेला, कान्हे फाट्याला दुसरा हँडलवर. कामशेत येईतो डॉक्टर कमी, कपडे वाळत घातलेली दोरीच जास्त दिसतात.

लोणावळ्याला पोचून गप चिक्की घेऊन परतावं की नाही? नाही! बोरघाट उतरून खोपोली गाठायची. उतारावर वारा झोंबतो म्हणून जर्सीच्या आत वर्तमानपत्र. फ्रान्सच्या शर्यतीतले खेळाडूही डोंगर उतरताना हेच करत, असं ऐकवतात. असतीलही, पण त्यांनी माझं अर्धं सोडवलेलं शब्दकोडं नेलं नव्हतं.

मग तोच घाट परत चढायचा, पाचशे मीटरहून जास्त उंची. मुंबई-पुणे शर्यतीत तो पहिला चढणारा 'घाटाचा राजा'. आमच्या ग्रुपात सध्या तीन राजे आहेत, आणि तिघेही शिंग्रोबाच्या देवळापाशी उतरतात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, अशी आख्यायिका. त्याला नाणं वाहायची जुनी रीत. एरवी देवळाची पायरी न चढणारे तिथे दहा-दहा मिनिटं हात जोडून उभे! भक्ती कसली, धाप लागलेली असते.

खरा बोभाटा पुढेच. एका राजाच्या स्ट्राव्हावर, म्हणजे वेग नोंदवणाऱ्या ॲपवर, घाटाच्या चढाला वेग निघाला ताशी बेचाळीस. टाळ्यांचा पाऊस पडला. मग कोणीतरी फोटो टाकला: राजेसाहेब टेम्पोत, कांद्याच्या गोण्यांवर, मांडीवर सायकल.

आणि फुशारकी कशाची, तर थंडीत सायकल चालवल्याची! लोणावळ्याचा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढचा, मे महिन्यात डांबर पाघळतं. युरोपात बर्फ पडला की लोक घरातच पॅडल मारतात. आपल्याकडे हिवाळा हाच सायकलीचा खरा मोसम. हे म्हणजे पुरणपोळी चापून उपवासाचा टेंभा मिरवणं झालं!

परवा सुनावलंच मी: एवढं तेल साखळीला, दाराला कधी? आज बघते तर बिजागरी गप्प. मनात म्हटलं, सुधारले. उठून पाहिलं, तर हॉलमधली सायकल गायब. कधी गेले, कळलंसुद्धा नाही.