काळ्यावर पांढरं

आमच्या अँबॅसिडरचं इंजिन अस्सल आहे, हे मी सोनईत साधारण चाळीस माणसांना सांगितलं. त्यातल्या तिघांनी विचारलं होतं. बाकीच्यांना मी आपणहून सांगितलं.

गाडी आबांची, म्हणजे वडिलांची. मार्क टू, १९७२ ची. त्या साली अर्धा महाराष्ट्र दुष्काळी कामावर खडी फोडत होता, तेव्हा ती आबांनी नवी घेतली नव्हती हे उघड आहे. उसाचं पेमेंट हातात खेळू लागल्यावर १९८३ मध्ये त्यांनी ती नगरहून जुनी आणली. आमच्याकडे तेव्हा उतरंड ठरलेली होती: साखर कारखान्याचा चेअरमन अँबॅसिडरमध्ये, डायरेक्टर जीपमध्ये आणि सभासद एसटीत. आबा साधे सभासद असून अँबॅसिडरमध्ये बसले, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस घोडेगाव फाट्यावर अनोळखी माणसं त्यांना वाकून नमस्कार करायची.

आबा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. मागच्या सीटवर कोंबड्या बसतात. मला गाडी चालवता येत नाही. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यातली पहिली बारा कोकणात.

दिवाळीत पुण्याचा पुतण्या आला आणि म्हणाला, "काका, ही व्हिंटेज होते!" जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केला आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या खासगी गाडीला वेगळा नंबर मिळतो, त्यात 'व्हीए' ही अक्षरं असतात, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. तो नियम मी मोबाइलवर गोठ्यात बसून वाचला. घरात रेंज येत नाही. म्हशीच्या दाव्याजवळ एक लोखंडी ठोकळा आहे, शेणाने सारवल्यासारखा झालेला. त्यावर बसलं की मात्र दोन कांड्या दिसतात. नियमात मेख होती. गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको.

आता इंजिन मूळचंच आहे हे ओळखायचं कसं? मी वाचत गेलो आणि शहाणा होत गेलो. इंजिनच्या ब्लॉकवर कारखान्यात नंबर ठोकलेला असतो, तो कागदपत्रांतल्या नंबराशी जुळला पाहिजे. अमेरिकेत कॉर्व्हेटसारख्या गाड्यांचं असं गुणमेलन झालं की किंमत कुठल्या कुठे जाते, आणि म्हणून तिकडे जुने आकडे घासून नवे ठोकणारे कलाकारही आहेत. शिवाय हेही कळलं की अँबॅसिडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातलं इंजिन १९५५ च्या एमजी स्पोर्ट्स गाडीत होतं. झालं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी "आमच्या गाडीत एमजीचं रक्त आहे" असं जाहीर केलं. कुणीतरी आदराने माझ्या चहाचे पैसे दिले.

मग प्रत्यक्ष कामाला लागलो. आरसी बुकात इंजिन नंबर शाईने लिहिलेला होता, त्यावर ऑइलचा डाग, त्यामुळे एक आकडा तीन आहे की आठ, हे ठरेना. बॉनेट उघडलं. आत चिकट काळ्या चिखलाचा बोटभर थर. एक लिटर रॉकेल कसंबसं पैदा केलं, माझाच दात घासायचा ब्रश घेतला आणि तीन दिवस घासत बसलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्लॉकच्या कुशीत आकडे दिसले. आरटीओत पासिंगच्या वेळी एजंट चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल फिरवतो, तसा मी पातळ कागद धरला आणि शिसाचं टोक आडवं करून हलक्या हाताने घासलं. कागदावर एकेक आकडा उमटत गेला, काळाकुट्ट, ठसठशीत. सातातले चार आरसी बुकाशी जुळले. पस्तीस टक्क्यांना पास करण्यात ज्याचा जन्म गेला त्याच्या हिशेबात हा फर्स्ट क्लासच्या उंबरठ्यावरचा विद्यार्थी. उरलेले तीन मी गंजाच्या खात्यावर टाकले आणि कागद लॅमिनेट करून आणला.

गाडी निदान सुरू व्हावी म्हणून मिस्त्रींना बोलावलं. त्यांच्यापुढे आधी तो कागद ठेवला. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"सर, हे आकडे काळे आलेत."

"मग?"

"इंजिन नंबर पंच मारून ठोकतात. खड्डा पडतो. खड्ड्यात पेन्सिल जात नाही, म्हणून तो काळ्यावर पांढरा येतो. तुमचे आकडे वर आलेले आहेत, म्हणून काळे. हा साच्याचा नंबर. त्या साच्यातून जेवढे ब्लॉक निघाले, सगळ्यांवर हाच."

काळ्यावर पांढरं! तीस वर्षं मी दुसरं केलं काय? फळ्यासमोर हयात गेलेल्या माणसाला हे कळू नये?

मिस्त्री आता बॉनेटमध्ये वाकले होते. "आणि सर, स्पार्क प्लग दाखवा बरं मला."

मी दाखवू शकलो नाही. नव्हतेच. कार्बोरेटर नव्हता, डिस्ट्रिब्युटर नव्हता. होता डिझेलचा पंप आणि त्यातून निघालेल्या चार बारीक लोखंडी नळ्या. त्या मी तीन दिवस ब्रशने प्रेमाने चकचकीत केल्या होत्या.

"मॅटाडोरचं आहे हे," मिस्त्री म्हणाले. "त्या काळात पेट्रोल परवडेना म्हणून लई जणांनी बसवलं. डिझेल तर शेतकऱ्याच्या घरात बॅरलनंच असायचं."

मला एकदम आबांची आठवण झाली. गाडीत बसले की ते किल्ली अर्धी फिरवायचे, डोळे मिटायचे आणि ओठ हलवत पंधरा-वीस सेकंद थांबायचे, मगच गाडी सुरू करायचे. शिंगणापूर इथून हाकेच्या अंतरावर, तेव्हा ते शनिमहाराजांचं नाव घेतात अशी माझी खात्री होती. आबांच्या वर्षश्राद्धाला मी या भक्तीवर दहा मिनिटं बोललो. शाळेच्या स्मरणिकेत लिहिलं. दोन बायकांनी डोळे पुसले होते.

"हीटर मारत होते, सर," मिस्त्री म्हणाले. "डिझेल थंड असलं की आधी हीटर प्लग तापवावे लागतात. तोवर आकडे मोजायचे."

मी बाजूला जाऊन बसलो. म्हणजे मूळ इंजिन गेलं कुठे? चोरीला? तेही इथे? ज्या शिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची परंपरा आहे, जिथे २०११ मध्ये युको बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली, त्याच्या शेजारच्या गावात कुणी इंजिन चोरावं? वर आणखी एक भीती. आरसी बुकात इंधनापुढे आजही पेट्रोल लिहिलेलं आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल नोंदवावा लागतो. आबांनी काही नोंदवलं नव्हतं, आणि मी पुढच्या सोमवारी लॅमिनेट केलेला पुरावा घेऊन स्वतःच्या पायांनी आरटीओत निघालो होतो.

आई ओसरीवर लसूण सोलत होती. शहाऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण 'इंजिन' हा शब्द तिला ऐकू आला.

"आरं, त्ये पेट्रोलचं ना? त्ये गोठ्यात हाय की. तुझ्या आबांनी भंगारवाल्याला दिलं न्हाई. म्हनले, ऱ्हाऊ दे, जनावर बांधायला व्हईल."

"आई, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"मला इचारलं का कुनी?"

ज्या ठोकळ्यावर बसून मी मूळ इंजिनाचा नियम वाचला, तो ठोकळा म्हणजे मूळ इंजिन. मिस्त्रींनी शेण खरवडलं, मी नवा कागद धरला. पेन्सिल फिरली तसा काळ्या पट्ट्यातून एकेक पांढरा आकडा वर आला. सातच्या सात जुळले. डागाखालचा आकडा आठ होता.

टपरीवर आता मला "या, मॅटाडोर सर" म्हणतात आणि चहाचे पैसे मीच देतो. अर्ज केलेला नाही. नियमात इंजिन गाडीत हवं असं आहे, आणि ठोकळा हलवून दावं दुसरीकडे नेलं तर म्हैस दोन दिवस धार देत नाही, हे आम्ही करून पाहिलं. तरीही ज्यांना १९७२ चं अस्सल, कागदोपत्री जुळणारं अँबॅसिडरचं इंजिन बघायचं असेल त्यांनी सोनईला जरूर यावं. धारेच्या वेळा तेवढ्या सोडून.