ऐरोलीचे सहलकरी जोडपे

सहलकरी जोडपे नवी मुंबईच्या प्रत्येक उपनगरात आढळते. त्याची ठळक लक्षणे मात्र ऐरोलीत पाहायला मिळतात. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकची डोंगररांग आणि मधून ठाणे-बेलापूर रस्ता, अशा पट्टीत त्याचे वास्तव्य असते. बालपण लालबागच्या किंवा गिरगावच्या चाळीत, तारुण्य लोकलच्या दारात आणि प्रौढपण सेक्टरातल्या वन-बीएचकेत गेलेले असते. गृहस्थ बँकेत, विमा कंपनीत, महापालिकेत किंवा पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात असतात, नाहीतर तिथून नुकतेच निवृत्त झालेले असतात. बाई शाळेत शिकवतात किंवा घर सांभाळतात, पुष्कळदा दोन्ही. मुलांची शिक्षणे आटोपली आणि घराचा हप्ता संपला, की एका रविवारी चहा पिता पिता बाई म्हणतात, "अहो, आपण कुठे गेलोच नाही." येथून सहलपर्वाला प्रारंभ होतो. त्याआधीचे शिर्डी, अक्कलकोट, गणपतीपुळे आणि लग्नानंतरचे महाबळेश्वर मोजदादीत धरले जात नाही.

या जोडप्याचे पूर्वज शोधायला फार लांब जावे लागत नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. डोक्यावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरघोस मिळणार, असे कानावर आले होते. वाटेत बंड पेटले. भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी पोहोचले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 साली छापून निघाला. इतकी भरगच्च उत्तर भारत सहल मराठी माणसाला पुन्हा घडलेली नाही. परतल्यावर सगळे सांगितल्याशिवाय चैन न पडणे हा गुण तेव्हापासून आजपर्यंत टिकला आहे; दक्षिणेची दिशा तेवढी उलटली असून ती आता निघण्यापूर्वीच भरावी लागते.

सहलीचा पहिला टप्पा ऐरोलीतच पार पडतो आणि गृहस्थांच्या दृष्टीने तोच सर्वांत सुखाचा. गृहस्थ केंद्र सरकारी नोकरीत असतील तर त्याला एलटीसीची जोड असते. चार वर्षांच्या गटात एकदा भारतात कुठेही जाण्याची ही सवलत. पहिली तीन वर्षे, अजून पुष्कळ अवधी आहे, या समाधानात जातात. चौथ्या वर्षी सवलत बुडेल या भीतीने जे ठिकाण ठरते त्याचा डोंगराशी किंवा इतिहासाशी संबंध असेलच असे नाही. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी सुरू होई. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आले. इतरांना हा बदल सोयीचा वाटला असेल. गृहस्थांच्या आयुष्यातून मात्र त्याने तयारीचे दोन महिने कापले. उरलेल्या दोन महिन्यांत ते तक्ते करतात. कोणत्या दिवशी कुठे, किती किलोमीटर, समुद्रसपाटीपासून किती उंच, चहा किती वाजता. बाई या काळात फक्त एक प्रश्न विचारतात: "तिथे हॉटेलात नाश्ता आहे ना?"

स्वतः आखलेली सहल एकदा सोसली, की बहुतेक जोडपी सहल कंपनीचा आश्रय घेतात. केसरी टूर्स 1984 साली सुरू झाली, वीणा वर्ल्ड 2013 साली, आणि या दोहोंच्या आगेमागे निघालेल्या लहानमोठ्या कंपन्यांनी मराठी मध्यमवर्गाला हिमालय आणि वरणभात एकाच दिवशी मिळू शकतात हे पटवून दिले. कंपनीबरोबर जाण्याचे म्हणून काही नियम आहेत. सहाला उठणे, सातला नाश्ता, आठला बस. बसमधल्या जागा रोज पुढे सरकतात, जेणेकरून प्रत्येक जोडप्याला एकदा तरी पहिली रांग मिळावी. ऐरोलीच्या जोडप्याला ती नेमकी ज्या दिवशी बस हॉटेलासमोरून हलत नाही त्या विश्रांतीच्या दिवशी मिळते. गृहस्थ हा हिशोब बसच्या पहिल्याच दिवशी करून ठेवतात आणि पुढचे आठ दिवस तो शेजारच्या कोथरूडच्या गृहस्थांना समजावतात.

सामानाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. विमानात 15 किलोची मर्यादा असते. घरात ताणकाटा नसतो, म्हणून गृहस्थ बॅग हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहतात, मग बॅग खाली ठेवून उभे राहतात आणि वजाबाकी करतात. बॅगेचे वजन त्यातून समजतेच. दुसऱ्या आकड्यावर जी चर्चा होते ती तक्त्यात नसल्यामुळे निघायला उशीर होतो. बॅगेत चकल्या, चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, आलेपाक, विजेची किटली, गाडी लागू नये म्हणून गोळ्या, उंचावर हुंगायला कापूर आणि नायलॉनची दोरी असते. दोरी कपडे वाळत घालण्यासाठी. चार तारांकित हॉटेलच्या खिडकीतून हिमशिखरे दिसत असली तरी त्यांच्या अलीकडे एक पांढरा बनियन दिसतो, तो या दोरीमुळे. ऐरोलीत थंडी पडत नसल्याने लोकरीचे कपडे हा मोठाच प्रश्न असतो. ते शेजाऱ्यांकडून, भावजयीकडून आणि 1990च्या सुमारास बाईंनी स्वतः विणलेल्या एका मरून स्वेटरातून उभे केले जातात. माकडटोपी गृहस्थांची स्वतःची असते आणि ती ठाणे स्टेशनवरच डोक्यावर चढते.

डोंगरांपुढे हे जोडपे दबून जात नाही. प्रत्येक डोंगराला महाराष्ट्रात एक तोडीस तोड असतो अशी त्यांची श्रद्धा आहे. शिमल्याचा मॉल रोड म्हणजे महाबळेश्वरची बाजारपेठ, कालका-शिमला गाडी म्हणजे माथेरानची. येथे आकडे थोडे आडवे येतात. कालका-शिमला मार्ग 1903 साली सुरू झाला, त्यावर 102 बोगदे आहेत आणि शिमला स्टेशन 2,076 मीटर उंचीवर आहे. कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर शिमल्याच्या रेल्वे फलाटापेक्षा 430 मीटरने बुटके आहे. गृहस्थांना हे तक्ता करतानाच कळलेले असते, परंतु ते त्याचा उच्चार करत नाहीत. बाई बोगदे मोजायला लागतात आणि चाळिसाव्याच्या आसपास चिवड्याचा डबा उघडला गेल्यामुळे मोजणी खंडित होते.

मनालीहून रोहतांगला, म्हणजे 3,978 मीटरवर, जाताना वाटेत भाड्याने बर्फाचे कपडे देणाऱ्या दुकानांची रांग लागते. कोणते दुकान चांगले हा प्रश्न चालकाने आधीच सोडवलेला असतो. तिथून जे बाहेर पडतात ते गृहस्थ आणि बाई आहेत हे केवळ चष्म्यांवरून ओळखता येते. बर्फात दोघे एकमेकांवर एकेक मूठ बर्फ टाकतात. लग्नाला बत्तीस वर्षे झालेली असताना, ओळखीचे कोणी पाहत नाही ना याची खात्री करून, दोन प्रौढ माणसांनी हसत हसत केलेली ही कृती संपूर्ण सहलीतली एकमेव विनातक्ता कृती होय, आणि तिचा फोटो नसतो, कारण फोटो काढणारे दोघेही त्यात गुंतलेले असतात. उतरताना अटल बोगदा लागतो. ऑक्टोबर 2020मध्ये खुला झालेला हा बोगदा 9.02 किलोमीटर लांब आहे आणि गृहस्थ त्याचे पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रीकरण करतात. हे चित्रीकरण पुढे मेहुण्यांना दाखवले जाते. पूर्ण.

लडाखमध्ये खारदुंग ला येथे जोडप्याची खरी कसोटी लागते. या खिंडीच्या जुन्या पाटीवर उंची 18,380 फूट लिहिलेली असे. मोजणीप्रमाणे ती 17,582 फुटांच्या आसपास भरते. गृहस्थांना हा फरक तोंडपाठ असतो. तरीही दिवाणखान्यात ज्या फोटोची चौकट लागते तो पाटीसमोरचाच, आणि पाहुण्यांनी विचारल्यास पाटीवरचाच आकडा सांगितला जातो. सरकारी पाटी खोटी ठरवणे निवृत्त कर्मचाऱ्याला शोभत नाही. बाई तोवर गाडीत बसून कापूर हुंगत असतात.

दार्जिलिंगला टायगर हिलवरून कांचनजंगेवर पडणारे पहिले ऊन पाहण्यासाठी पहाटे तीनला उठावे लागते. हे जोडपे अडीचला उठते. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे पुष्कळदा ढग असतात, त्यामुळे 8,586 मीटरचा पर्वत समोर असूनही दिसत नाही आणि चारशे माणसे एकाच दिशेला मोबाईल धरून ढगाचे फोटो काढतात. येथे एक नोंद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. ऐरोलीच्या खाडीवर दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास हजारो रोहित पक्षी येतात आणि मेपर्यंत मुक्काम करतात. ठाणे खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीतच वन विभागाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून होडी सुटते. ते पाहायला जर्मनीहून माणसे येतात. सहलकरी जोडप्याने ते पाहिलेले नसते. "तिथे काय, केव्हाही जाता येईल," असे गृहस्थ म्हणतात, आणि ते खरेच आहे.

ऐतिहासिक शहरांत जोडप्याची वागणूक बदलते. तिथे ते पाहुणे नसून वारसदार असते. दिल्लीहून शिमल्याकडे जाणारी बस मुरथलला पराठ्यांसाठी थांबते. पांढऱ्या लोण्याचा गोळा विरघळेपर्यंत सर्व काही आनंदात असते. पुढे तासाभरात पानिपतची पाटी दिसते आणि बसमध्ये शांतता पसरते. 14 जानेवारी 1761 या तारखेचा उच्चार कोणी तरी करतो, विश्वासराव पडले ते कुठे, असे कोणी तरी विचारतो, गृहस्थ खिडकीतून उसाच्या शेताकडे पाहत मान हलवतात. काला आंब येथील स्मारक महामार्गापासून आत आहे आणि बस तिकडे वळत नाही, कारण पराठ्यांना जास्त वेळ लागलेला असतो.

आग्र्यात गाइड शहाजहानच्या शेवटच्या दिवसांबद्दल गहिवरून सांगत असतो. त्याला मध्येच थांबवून गृहस्थ विचारतात, "महाराज कुठून निसटले?" आग्र्याचे गाइड या प्रश्नाला सरावलेले आहेत. समोर मराठी टोपी दिसली, की ते शहाजहानला आवरते घेतात आणि 1666च्या ऑगस्टकडे वळतात. किल्ल्यासमोर शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे; तिथे बस रिकामी होते, घोषणा होतात आणि ताजमहालापेक्षा जास्त फोटो निघतात. पेटाऱ्यांपासून पेठ्यापर्यंतचे अंतर गाइड दहा मिनिटांत पार करतो. ताज शुक्रवारी बंद असतो हे सर्वांना ठाऊक असते. ज्यांनी सहल स्वतः आखली ते आग्र्याला शुक्रवारी पोहोचतात.

जयपुरात जंतरमंतरच्या सम्राट यंत्रापुढे गृहस्थ मनगटावरचे घड्याळ काढतात. सवाई जयसिंहाचे हे सौरघड्याळ दोन सेकंदांपर्यंत अचूक आहे असे गाइड सांगतो. गृहस्थांना ते जवळजवळ अर्धा तास मागे दिसते. जयपूरची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेहून सुमारे 27 मिनिटे मागे असल्याने दोघांचेही बरोबर असते, पण हे उलगडेपर्यंत बस हवामहालाकडे निघून जाते. हवामहालाच्या 953 खिडक्यांकडे बाई बराच वेळ पाहतात आणि म्हणतात, "पुसत कोण असेल?" 1799 साली बांधलेल्या या वास्तूबद्दल विचारला गेलेला हा बहुधा सर्वांत समंजस प्रश्न असून गाइडकडे त्याचे उत्तर नसते.

दक्षिणेत परिस्थिती अधिक नाजूक होते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी 1803 साली कोरवलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. तमिळ देशात मराठी दिसल्याबरोबर गृहस्थ मोठ्याने वाचायला लागतात, दोन ओळींनंतर आवाज खाली येतो आणि तिसऱ्या ओळीपाशी फोटो काढला जातो. हंपीला विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती पंढरपूरला परत आणली अशी वारकऱ्यांत कथा आहे. पन्नासच्या नोटेवर छापलेला दगडी रथ समोर असतो आणि सगळा गट नोट हातात धरून रथाबरोबर फोटो काढण्यात दंग असतो. बाई तेवढ्यात आत जाऊन रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडून येतात. तक्त्यात याला वेळ दिलेला नसतो.

पूर्वी काशीयात्रा करून आलेले लोक मावंदे घालीत. गावजेवण होई, गंगेचे पाणी वाटले जाई. आताचे मावंदे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर उरकते. फोटो दोनशे असतात, त्यातल्या एकशे नव्वदांत बाई असतात आणि उरलेल्या दहांत गृहस्थांची सावली. पाठोपाठ मजल्यावर प्रत्येकी एक पुडी आग्र्याचा पेठा आणि कुलूची शाल पाहायला येण्याचे आमंत्रण जाते. शाल अडीच हजारांची बाराशेला मिळवली हे बाई सांगतात. शेजारीण तीच वाशीला नऊशेला मिळते हे सांगत नाही, पण तिला ते ठाऊक असते. गृहस्थांभोवती खाली कट्ट्यावर पुरुषमंडळी जमतात. त्यांना उंची, अंतर, डिझेलचा भाव आणि शेवटी सरकारने काय करायला हवे ते ऐकायला मिळते. एकाच सहलीची ही दोन वृत्ते शेजारी शेजारी ठेवली, तर हे दोघे एकाच बसमध्ये होते असे सिद्ध करणे कठीण जाईल.

साठी ओलांडल्यावर गुडघे कुरकुरू लागतात आणि माहितीपत्रक वाचण्याची पद्धत बदलते. पूर्वी गृहस्थ उंची पाहत. आता दोघे मिळून पायऱ्या मोजतात. डोंगर गाडीतून पाहिले जातात, किल्ले पायथ्यावरून. सहलींची संख्या मात्र कमी होत नाही, कारण बाईंना सहलीतून काय मिळते हे एव्हाना स्पष्ट झालेले असते. हॉटेलच्या नाश्त्याच्या दालनात त्या सातच्या ठोक्याला हजर असतात, इडली, पराठा, टोस्ट आणि कलिंगड एकाच बशीत घेतात आणि खिडकीपाशी बसून दुसऱ्याने केलेला चहा सावकाश पितात. मागे कांचनजंगा असो वा बसस्थानक. मुलगा न्यू जर्सीला असलेली जोडपी सहा महिने अमेरिकेत राहून, नायगारा पाहून परततात. गृहस्थ त्याची नोंद तक्त्यात परदेश सहल म्हणून करतात. बाई ती खोडायला लावतात. तिथे नाश्ता त्यांनाच करावा लागलेला असतो.